माशांचा घास आणि माणसांचें पाणी

कांचेच्या पेटींत पाळलेल्या रंगीत माशांस काय खावयास घालावें व तें खाद्य जिवंत कसें ठेवावें, हा विषय इतिहासाच्या भाषणास कसा शोभणार, अशी शंका आपणांपैकीं पुष्कळांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. त्यांतही तो बीड जिल्ह्याच्या निमित्तानें मांडावयाचा, म्हणजे एका शंकेस दुसरी जोडली जाते. जेथें माणसांस पिण्याचें पाणी उन्हाळ्यांत टँकरनें आणावें लागतें, तेथें माशांच्या जेवणाची चर्चा कोणी व कशासाठीं करावी? परंतु थोडा विचार केला असतां असें दिसून येतें, कीं माशाचा जिवंत घास आणि माणसाचें पिण्याचें पाणी यांचा संबंध फार जुना आहे. आणि तो या कोरड्या मुलखांत जितका उघड दिसतो तितका बारमाही नद्यांच्या देशांत दिसत नाहीं.

मासे पाळणारा ज्यास जिवंत खाद्य म्हणतो तें असतें तरी काय? डांसाच्या अळ्या, पाण्यांतील पिसू, सायक्लॉप्स नांवाचा एकडोळ्या सूक्ष्म जीव, गटारांतील तांबडे कृमि आणि गांडुळें. हौशी मनुष्य हीं नांवें मिठाईच्या दुकानांतील पदार्थांसारखीं आवडीनें घेतो. पण हीच यादी एखाद्या जुन्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हातीं दिली, तर तो पहिल्या व तिसऱ्या नांवाखालीं तांबडी रेघ ओढील. पहिल्यानें हिंवताप व डेंग्यू यांची वाट मोकळी केली, आणि तिसऱ्यानें नारू.

आपल्या बाजूनें या कथेचा आरंभ कल्याणीच्या चालुक्यांपासून करणें योग्य होईल. त्या घराण्यांतील तिसरा सोमेश्वर हा इ. स. ११२६ पासून ११३८ पर्यंत राज्य करीत होता. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचें कर्नाटकांतील बसवकल्याण, बीडच्या आग्नेयेस आहे, व गोदावरीपर्यंतचा हा सारा मुलूख त्या राज्यांत मोडत असे. या राजाच्या नांवावर असलेला 'मानसोल्लास' हा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ इ. स. ११३१ च्या सुमारास सिद्ध झाला. मराठी भाषेच्या अभ्यासकांस तो ठाऊक असतो, कारण आपल्या भाषेंतील पद्याचे कांहीं अगदीं जुने नमुने त्यांत जपून राहिले आहेत. राजानें कसें राहावें, काय खावें, हत्ती कसा ओळखावा, गाणें कसें ऐकावें, हें सर्व सांगून झाल्यावर ग्रंथकार राजाच्या करमणुकींकडे वळतो. आणि तेथें 'मत्स्यविनोद' या नांवाचें एक प्रकरण येतें. त्यांत तीसांहून अधिक जातींचे मासे वर्णिले आहेत. समुद्रांतले कोणते, गोड्या पाण्यांतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, मोठे कोणते व लहान कोणते, अशी त्यांची विभागणी केली आहे. दोर कसा वळावा, गळ कसा बांधावा, हेंही त्यांत आहे. पण आपल्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट अशी, कीं गळ टाकण्यापूर्वीं ठराविक जागीं माशांस खाऊ घालण्याची रीत तेथें सांगितली असून, कोणत्या जातीस कोणतें अन्न रुचतें याचाही विचार केला आहे: कोणास धान्याच्या पिठाचे व भाताचे गोळे, तर मांस खाणाऱ्यांस मांस. प्रख्यात मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं या प्रकरणाकडे विद्वानांचें लक्ष वेधलें, तेव्हां आठशें वर्षांपूर्वींच्या या निरीक्षणाचें सर्वांस कौतुक वाटलें.

राजाचें हें अन्नदान निरपेक्ष नव्हतें, हें सांगावयास नकोच. ज्यास आज गोळा घालावयाचा त्यास उद्यां ओढावयाचें, असा तो व्यवहार. तथापि एक अनुभव त्यांत नीट टिपला गेला: सर्व मासे एका पानावर जेवत नाहींत.

खुद्द बीड शहरांत कंकालेश्वराचें देवालय आहे. तें चालुक्यकालीन मानलें जातें आणि भर पाण्यांत, एका कुंडाच्या मध्यभागीं उभें आहे. अशा देवळाच्या कुंडांत माशांस लाह्या, चुरमुरे, कणकेच्या गोळ्या टाकण्याची चाल आपल्याकडे सर्वत्र दिसते. भाविकास त्यांत पुण्य वाटतें. पण मासा त्यावर जगतो असें समजणें बरोबर नव्हे. कुंडांतला मासा वाढतो तो त्याच पाण्यांत आपोआप उपजणाऱ्या सूक्ष्म जीवांवर. लाह्या त्याच्या चार दिवसांच्या मेजवानीस कारण होतात, व न खाल्लेल्या लाह्या तळाशीं कुजून पाण्यांतील प्राणवायू खातात.

आतां ज्या वर्षांत सोमेश्वर आपल्या दरबारांत बसून माशांच्या जाती मोजीत होता, त्याच वर्षांत चीन देशांत सुंग घराण्याचा सम्राट गाओत्सुंग गादीवर होता. त्याचा काल इ. स. ११२७ ते ११६२. उत्तरेकडील शत्रूंनीं हांकलल्यामुळें त्यानें दक्षिणेस हांगचौ येथें राजधानी केली, आणि त्या नगरांत सोनेरी मासे पाळण्याचा शोक वाढीस लागला. या शोकाविषयीं यूए के नांवाच्या लेखकानें तेराव्या शतकाच्या आरंभीं एक मौजेची हकीकत लिहून ठेविली आहे. राजधानींत मासे पाळण्याचा धंदा करणारे कांहीं लोक आहेत, ते माशांचा रंग पालटून तो सोन्यासारखा करतात, व आपली विद्या कोणास सांगत नाहींत. पण लोक म्हणतात, कीं ते बाजारांतील उघड्या गटारांतले बारीक तांबडे किडे आणून माशांस चारतात, आणि शंभर दिवस असें केलें म्हणजे साधा मासा प्रथम रुपेरी व मग सोनेरी होतो. ती हकीकत अशी आहे.

त्या गटारांतल्या किड्यांस आज ट्युबिफेक्स म्हणतात व ते आपल्याकडील रंगीत माशांच्या दुकानांतूनही विकले जातात. साधा मासा त्यांच्या योगें सोन्याचा होतो हें खरें नव्हे. सोनेरी वर्ण हा आनुवंशिक आहे, व तो पिढ्यान्‌पिढ्या निवड करून साधलेला आहे. पण चांगल्या जिवंत खाद्यानें माशाचा मूळचा रंग खुलतो, यांत संशय नाहीं. तांबड्यापिवळ्या रंगाचीं कांहीं द्रव्यें माशास स्वतःच्या शरीरांत तयार करतां येत नाहींत, तीं त्यास अन्नांतूनच मिळावीं लागतात. तेव्हां हांगचौच्या त्या गुप्त विद्येंत निम्मी थाप व निम्मा अनुभव होता. बहुतेक धंद्यांच्या गुप्त विद्यांचें प्रमाण असेंच असतें.

या कृमींच्या तांबडेपणाचें कारणही ऐकण्यासारखें आहे. आपल्या रक्तांत जें रंजक द्रव्य आहे त्याच जातीचें द्रव्य त्यांच्याही अंगांत असतें, व त्याच्या जोरावर ते प्राणवायू जवळजवळ नसलेल्या चिखलांत डोकें खुपसून व शेपटी वर हालवीत जगतात. जो जीव घाणींत राहतो तो घाण घेऊन येतो. म्हणून तो आणल्याबरोबर माशांपुढें टाकणें धोक्याचें. उथळ थाळींत, थेंब थेंब वाहत्या गार पाण्याखालीं दोनतीन दिवस ठेवून, दिवसांतून अनेक वेळां धुवून, त्यांचें पोट रिकामें झाल्यावरच ते वापरावयाचे. जिवंत कृमि एकमेकांस धरून घट्ट गोळा करतात. गोळा सैल पडला व त्यावर पांढुरकी झांक आली कीं तो फेकून द्यावा. हें काम ज्या गांवीं नळास अखंड पाणी असेल तेथें सोपें. बीड, आष्टी, पाटोदा या भागांत मे महिन्यांत कृमि धुण्यासाठीं नळ सोडून ठेवा असें सांगणारा मनुष्य शेजाऱ्यांच्या शिव्या खाईल, आणि त्या त्यानें खाव्यात.

पाण्याची ही वाण या जिल्ह्यास आजची नाहीं. तिच्यावर उपाय शोधण्याची बुद्धीही आजची नाहीं. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या कारकीर्दींत बीडचा जहागीरदार सलाबतखान यानें शहराच्या दक्षिणेस कांहीं कोसांवर एक विहीर बांधविली. हिजरी ९९१, म्हणजे इ. स. १५८३ च्या सुमाराची ती होय. तीस खजाना विहीर म्हणतात. तिची रचना राजा भास्कर नांवाच्या स्थापत्यज्ञानें केली असें सांगतात. जमिनीखालील कालव्यांतून पाणी विहिरींत येतें व दुसऱ्या कालव्यानें उतारावरून शेतांकडे जातें. मोट नाहीं, रहाट नाहीं. चारशें वर्षांहून अधिक काळ लोटला तरी तिची कीर्ति कायम आहे, ती याच कारणानें.

वाहत्या पाण्याची ही व्यवस्था एका बाजूस, आणि दख्खनच्या पठारावर गांवोगांव असलेल्या पायविहिरी व बारवा दुसऱ्या बाजूस. बारवेची बांधणी पाहून डोळ्यांचें पारणें फिटतें हें कबूल. परंतु तिच्या पायऱ्यांनीं मनुष्य थेट पाण्यापर्यंत उतरतो, घागर बुडवितो व बहुधा पायही बुडवितो. येथेंच सायक्लॉप्सचा प्रवेश होतो. हा जीव मोहरीच्या दाण्याहूनही लहान असतो. स्वच्छ पाण्याचा पेला उन्हांत धरला तर पांढऱ्या ठिपक्यासारखा झटके देत पोहतांना तो दिसतो. कपाळावर एकच डोळा, म्हणून ग्रीक पुराणांतील एकाक्ष राक्षसाचें नांव त्यास पडलें. माशांच्या पिलांस हा फार आवडतो. माणसाच्या पोटांत मात्र तो गेला तर एरवीं कांहींच होत नाहीं. फक्त त्याच्या पोटांत नारूची अळी नसली पाहिजे.

नारूचें चक्र असें. पाण्यांत सोडलेल्या सूक्ष्म अळ्या सायक्लॉप्स गिळतो. दोन आठवड्यांच्या आंतबाहेर त्या त्याच्या शरीरांत पक्व होतात. तो सायक्लॉप्स पाण्याबरोबर मनुष्य पितो. सुमारें एक वर्ष मनुष्यास कांहीं कळत नाहीं. मग पायावर फोड येतो, आग आग होते, व फोड फुटून त्यांतून दोऱ्यासारखा जंत डोकावूं लागतो. त्याची लांबी कधीं कधीं हातभरच नव्हे तर दोन हातही भरते. जाणते लोक तो काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळीत. ओढला व तुटला तर पाय सुजून मनुष्य महिनोन्‌महिने अंथरुणावर. ज्याच्या पायाची आग होते तो पाय गार पाण्यांत बुडवितो. बारवेच्या पायरीवर त्यानें पाय बुडविला कीं जंत आपल्या हजारों अळ्या त्या पाण्यांत सोडतो, आणि चक्र पुनः सुरू होतें. या रोगाचा जोर उन्हाळ्यांत असे, याचें कारण आतां स्पष्ट होईल. पाणी खालीं गेलें, कीं तेवढ्याच जीवांची गर्दी थोड्या पाण्यांत होते, आणि शेवटची घागर सर्वांत दाट भरते. ऐन पेरणीच्या दिवसांत घरांतले कर्ते पुरुष व बायका लंगडत बसत. नारूनें माणसें थोडीं मारलीं असतील. पण शेतें पुष्कळ पडीक पाडलीं.

या सायक्लॉप्सचें पाप प्रथम उघडकीस आणलें तें फेदचेंको या रशियन शास्त्रज्ञानें, १८७० च्या सुमारास, तुर्कस्तानांत. त्यावरून पुढचा प्रश्न निघतो तो आपल्या विषयाचाच: सायक्लॉप्सला खाणारा कोण? उत्तर ज्यानें घरीं मासे पाळले आहेत त्यास विचारावें. मैसूर संस्थानांत मूर्ति नांवाच्या डॉक्टरांनीं १९३० नंतरच्या दशकांत पायविहिरींत लहान देशी मासे सोडून सायक्लॉप्स कमी करण्याचे प्रयोग केले व १९३६ सालीं स्वीट यांच्यासह ते प्रसिद्ध केले. औषधानें पाणी बिघडविण्यापेक्षां ओढ्यांतलेच बोटभर लांबीचे मासे आणून विहिरींत सोडावे, त्यांस वेगळें अन्न घालूं नये, म्हणजे ते आपलें अन्न शोधतील, ही त्यांतील कल्पना. माझ्या मतें या विषयाच्या इतिहासांत इतकी साधी व इतकी पुरती कल्पना दुसरी नाहीं. मासे पाळणारा शहरांतील मनुष्य सायक्लॉप्स विकत घेऊन माशास देतो. येथें सायक्लॉप्स होताच, मासा तेवढा आणावयाचा होता.

तथापि नारू गेला तो केवळ माशांनीं नव्हे. स्वातंत्र्यानंतर या रोगाचें ठाणें ज्या सात राज्यांत होतें त्यांत महाराष्ट्र एक. १९८३-८४ पासून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. पाणी दुहेरी फडक्यानें गाळून घेण्याची शिकवण, पायविहिरींच्या पायऱ्या बंद करून त्यांस काठ व रहाट बसविणें, कूपनलिका, आणि सायक्लॉप्स मारणारें टेमेफॉस हें औषध, या सर्वांचा तो एकत्रित परिणाम होता. देशांतील शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्यें राजस्थानांतील जोधपूर जिल्ह्यांत आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त झाल्याचें जाहीर केलें. आज विशीतल्या तरुणास नारू हा शब्द विचारला तर तो एखाद्या गांवाचें नांव सांगावें तसा चेहरा करतो. त्याच्या आजोबांनीं मात्र काडीवर गुंडाळलेला जंत डोळ्यांनीं पाहिलेला असतो.

आतां डांसाच्या अळीकडे वळूं. मासे पाळणाऱ्यांच्या दृष्टीनें ती सर्व खाद्यांची राणी होय. विणीस आलेल्या माशास ती दिली म्हणजे अंडीं लवकर धरतात, हा अनुभव जगभर आहे. ती वाढविण्यास कांहींच लागत नाहीं. सावलींत एक उघडें मडकें, त्यांत पाणी व चार वाळलेलीं पानें. आठवड्याच्या आंत मडकें वळवळूं लागतें. पण हाच तिचा दोष. उष्ण हवेंत अंड्यापासून उडणारा डांस होण्यास आठदहा दिवस पुरतात. रोजची अळी रोज न गाळणारा हौशी मनुष्य स्वतःच्या माशांसाठीं नव्हे, तर शेजाऱ्यांच्या तापासाठीं मडकें मांडून बसलेला असतो. म्हणून जाणत्यांचा नियम असा, कीं मडक्यावर बारीक जाळी अगर मलमलीचें फडकें सदैव बांधलेलें असावें, व चौथ्या पांचव्या दिवशीं सर्व अळ्या गाळून पाणी जमिनीवर ओतून द्यावें. ज्यास इतका नेम पाळणें होत नाहीं त्यानें हें खाद्य वाढवूंच नये, असें मी स्पष्ट म्हणतों.

डांसांची अळी बुद्धीपुरस्सर वाढविण्याचें जगप्रसिद्ध उदाहरण आपल्या शेजारींच घडलें. बीड तेव्हां निजामच्या राज्यांत होतें, व तें १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत त्याच राज्यांत राहिलें. त्याच राज्यांतील सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर अळ्यांपासून आपल्या देखरेखीखालीं डांस उपजवीत होता, कारण आधीं कोणास न चावलेला डांस त्यास हवा होता. हुसेनखान नांवाच्या हिंवतापाच्या रोग्यास दर डांसामागें एक आणा देऊन त्यानें ते डांस त्यास चावविले. २० ऑगस्ट १८९७ रोजीं त्यांपैकीं एका डांसाच्या जठराच्या भिंतींत त्यास हिंवतापाचे जंतु दिसले. रॉसनें बाटल्यांत अळ्या सांभाळल्या नसत्या तर त्याच्या सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवण्यास कांहीं नसतें. जिवंत खाद्य ठेवणाऱ्याची जी कसोटी तीच त्याचीही होती.

शोध लागल्यावर मग मासा आला. त्रिनिदाद बेटांतून गप्पी नांवाच्या गृहस्थानें १८६६ च्या सुमारास लंडनच्या संग्रहालयास धाडलेल्या एका चिमुकल्या माशास त्याचें नांव पडलें. पीटर्स नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें त्याचें वर्णन १८५९ सालींच केलेलें होतें, पण लोकांच्या तोंडीं गप्पी हेंच नांव राहिलें. हा मासा अंडीं न घालतां थेट पिलें देतो, सुमारें चार आठवड्यांनीं पुनः देतो, व गढूळ पाण्यांतही तग धरतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं तो हिंदुस्थानांत आणला गेला; १९२८ सालीं त्याचाच नातेवाईक गॅम्बुझिया हा इटालींतून आला. महाराष्ट्रांत आरोग्यखात्याचीं गप्पी पैदास केंद्रें आहेत. तेथून हे मासे गांवच्या हौदांत, बंद पडलेल्या विहिरींत व डबक्यांत सोडले जातात.

येथें एक इशारा देणें अवश्य वाटतें. गॅम्बुझियाची गणना आज जगांतील सर्वांत उपद्रवी आगंतुक जीवांत होते, कारण नदींत सुटला कीं तो इतर माशांचीं अंडीं व पिलें खातो. गप्पीही नदीनाल्यांत सोडण्याची वस्तु नव्हे. बिंदुसरा, सिंदफणा, मांजरा या नद्यांत डांसांच्या अळ्या खाणारे देशी मासे मुळांतच आहेत; उन्हाळ्यांत नदीच आटते ही त्यांची अडचण. हौदांतला मासा हौदांतच ठेवावा.

नदी आटली म्हणजे त्या पाण्यांतले जीव कोठें जातात, हा प्रश्न कधीं आपल्या मनांत आला आहे काय? कोरड्या तळ्याच्या भेगाळलेल्या चिखलांत ते असतात. पाण्यांतली पिसू, जीस शास्त्रज्ञ डाफ्निया म्हणतात व जिचें चित्र स्वामर्डाम या डच निरीक्षकानें १६६९ सालींच प्रसिद्ध केलें, ही सुकाळांत नराशिवाय माद्याच माद्या जन्मास घालीत असते. पाणी आटूं लागलें, गर्दी झाली, अन्न सरलें, कीं नर उपजतात, व मादी मग निराळ्याच प्रकारचीं अंडीं खोगिराच्या आकाराच्या टणक डबींत बंद करून सोडते. हीं अंडीं चिखलाबरोबर सुकतात, उन्हांत तापतात, वाऱ्यानें उडतात, आणि मृगाचा पाऊस पडून चार दिवस होतात तोंच त्यांतून पिसवा बाहेर पडतात. पठारावरील पावसाळी डबक्यांत उलटे पोहणारे नाजूक कोळंबीसारखे जीव जूनमध्यें एकाएकीं दिसूं लागतात, त्यांचेंही मर्म हेंच. अन्न सांठविण्याची कला निसर्गानें दुष्काळाच्या शाळेंत शिकून घेतली आहे. ज्या शेतकऱ्यानें कणगींत बियाणें राखून ठेवलें आहे त्यास ही युक्ति समजावून सांगावी लागत नाहीं.

या युक्तीचा सर्वांत मोठा व्यापारी उपयोग मिठागरांतील आर्टेमिया या जीवाचा झाला. इंग्लंडांतील लिमिंग्टन येथील मिठागरांतून श्लोसर यानें १७५५ च्या सुमारास त्याचें वर्णन केलें. १९३३ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथील मत्स्यालयाच्या आल्विन सील यानें त्याचीं नुकतीं निघालेलीं पिलें माशांच्या बाळांस चारतां येतात हें दाखविलें. आपल्याकडे मत्स्यतज्ज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनीं १९५३ सालीं हा जीव मुंबईच्या वडाळा येथील मिठागरांत आढळल्याची नोंद केली. मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय त्याच्या दोनच वर्षें आधीं, १९५१ सालीं, उघडलें होतें. आर्टेमियाचीं सुकीं अंडीं तपकिरी भुकटीसारखीं दिसतात. कोरड्या, थंड, हवाबंद डब्यांत तीं वर्षानुवर्षें टिकतात. हवीं तेव्हां लिटरभर पाण्यांत पंचवीसतीस ग्रॅम मीठ घालून, हवा खेळती ठेवून तीं सोडावीं. अठ्ठावीस अंशांच्या आसपास उष्णता असली म्हणजे एका दिवसांत अगर थोड्या अधिक वेळांत पिलें निघतात. उजेडाच्या बाजूस तीं गोळा होतात, टरफलें वर तरंगतात. पिलें नळीनें ओढून, गोड्या पाण्यांत धुवून माशांस द्यावीं. एका दिवसानंतर त्यांच्या अंगचा अन्नाचा सांठा सरतो, म्हणून शिळीं पिलें माशास भरवून फारसा लाभ नाहीं.

बीडसारख्या ठिकाणीं, जेथें पाणी थोडें व उन्हाळा कडक, तेथें हेंच खाद्य सर्वांत सोयीचें असें माझें मत आहे. एक लोटाभर पाण्यांत काम होतें. डाफ्निया ठेवावयाची तर सावलींतला, बाहेरून ओल्या गोणपाटानें गुंडाळलेला रांजण चांगला. मातीचें भांडें झिरपतें, म्हणून पाणी गार राहतें. गार पाण्याचें महत्त्व असें, कीं वीस अंशांच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांस साडेसातच, व चाळीस अंशांस साडेसहाच्याही खालीं उतरतो. उलट उष्णतेनें जीवांची भूक व श्वास दोन्ही वाढतात. त्यामुळें एप्रिलमध्यें भरून ठेवलेलें भांडें सकाळीं जिवंत व दुपारीं कुजकें होतें. शेणाचें पातळ पाणी थोडें घालावें, पाणी हिरवें झालें म्हणजे पिसू सोडावी, व ती रोज थोडी काढीत जावी. काढली नाहीं तर ती गर्दीनेंच मरते. गांडुळें मात्र ओल्या पालापाचोळ्याच्या खोक्यांत, छपराखालीं, पाण्यावांचूनच राहतात. त्यांस फक्त ओल सुटूं देऊं नये व खोक्यांत मुंग्या शिरूं देऊं नयेत.

याच शेणाच्या युक्तीवर आज तळ्यांतील मत्स्यबीजाचा धंदा चालतो, हें येथें जातां जातां सांगावयास हवें. १० जुलै १९५७ रोजीं हिरालाल चौधरी यांनीं ओरिसांतील अंगूल येथें कार्प जातीच्या माशांस ग्रंथिरसाच्या टोंचणीनें अंडीं घालावयास लावलें. तेव्हांपासून रोहू, कटला, मृगळ यांचें बीज नदीच्या पुरावर अवलंबून राहिलें नाहीं. तें बीज तीन दिवसांचें झालें म्हणजे त्यास पहिला घास लागतो, आणि तो सूक्ष्म जिवंत जीवांचाच असावा लागतो. त्यासाठीं तळीं आधीं शेणखतानें तयार करून ठेवितात. माजलगांवच्या जलाशयावर जाळें टाकणाऱ्या भोई बांधवाच्या पोटाचा प्रश्न अशा रीतीनें शेवटीं डोळ्यांस न दिसणाऱ्या किड्यांपाशीं येऊन ठेपतो.

आतां पिंपाची गोष्ट राहिली. २०१६ च्या उन्हाळ्यांत केज तालुक्यांतील धनेगांवचें मांजरा धरण कोरडें पडलें. शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेनें पाणी न्यावें लागलें. अशा वर्षीं घराघरांतून पिंपें, टाक्या, हंडे, कळशा भरून ठेवण्यावांचून गत्यंतर नसतें, व टंचाईच्या मागोमाग डेंग्यू येतो याचें कारण तेंच. डेंग्यूचा डांस स्वच्छ सांठवलेल्या पाण्यास पसंत करतो. तो अंडीं पाण्यावर न घालतां पिंपाच्या ओल्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेच्या वर, चिकटवितो. तीं कोरडींच महिनोन्‌महिने टिकतात, आणि नव्या टँकरचें पाणी त्यांस लागतांच फुटतात. डाफ्नियाच्या खोगिरासारखीच ही तजवीज, फक्त ती आपल्या घरांत चाललेली. पिंप नुसतें रिकामें करून चालत नाहीं, आंतून काथ्यानें खरवडून घासावें लागतें, तें यासाठीं.

मग पिंपांत गप्पी सोडले तर? हा प्रश्न नेहमीं विचारला जातो. टँकरच्या पाण्यास निर्जंतुक करण्यासाठीं क्लोरीन घातलेला असतो, व तो असलाच पाहिजे. पण त्याच क्लोरीननें मासा तळमळून मरतो. तेव्हां पिण्याच्या पिंपास घट्ट झांकण, आठवड्यांतून एक कोरडा दिवस, आणि मासा नाहीं. गप्पीची जागा गोठ्याजवळील जनावरांचा हौद, बांधकामाचें टाकें व गांवाबाहेरची न वापरती विहीर येथें. तेथें त्यांस सोडावें, वरून चुरमुरे अगर कणीक कांहीं घालूं नये, आणि हौद धुण्याच्या दिवशीं ते फडक्यानें धरून शिळ्या पाण्याच्या बादलींत काढून ठेवावे, म्हणजे नवें पाणी एक दिवस उघड्यावर राहून क्लोरीन उडून गेल्यावर त्यांस परत सोडतां येतें.